कनाफिया-आगांनी नेलेला मानाचा वाटा

कनाफिया-आगांना बोलता येत नसे. मुके नव्हते, पण चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की त्यांचा तो दांडगा देह घामाने भिजायचा, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि वाक्य अर्ध्यावर सोडून ते खिशात हात घालायचे. खिशातून काहीतरी निघायचंच. लहान मूल समोर असेल तर गोळी, बाई असेल तर चहाची पुडी, खाणीच्या फाटकावरचा पहारेकरी असेल तर सिगारेट. समोरचा खूश झाला की मग यांचा श्वास मोकळा व्हायचा.

कारागंडाच्या जुन्या कपड्यांच्या कारखान्यात ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे आणि मी, कामशात, कापड बेतायचे. कारखाना बंद पडला तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी प्रत्येकाला मिळेल ते सामान दिलं. कुणी पडदे नेले, कुणी खुर्च्या. आगांनी भंगारात निघालेली मशीन मागून घेतली, एका बंद बेकरीच्या तळघरात मांडली, आणि आम्हा बायकांना एकेकीच्या घरी जाऊन बोलावून आणलं. माझ्या दारात उभं राहून ते एवढंच म्हणाले, "कात्री आहे ना तुझ्याकडे? मग चल." नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी गेले.

आम्ही खाणकामगारांचे हातमोजे आणि रुई भरलेले जाड कोट शिवायचो. सगळा माल एकाच खाणकंपनीला जायचा. तिथे खरेदीखात्यावर एदुआर्द कार्लोविच होते, जर्मन माणूस. त्यांच्या आजी-आजोबांना युद्धात इकडे आणून टाकलेलं. पण त्यांची कझाक भाषा आमच्या पोरांपेक्षा चांगली. नव्या वर्षाला आगा त्यांच्याकडे कोन्याकची बाटली न्यायचे, नौरोजला सुका मेवा, आणि हिवाळ्याच्या बेगमीला घोडं कापलं की आतड्यात बरगडीचं मांस भरलेल्या कझ्या. एदुआर्द कार्लोविचही हात मोकळा सोडून द्यायचे. त्यांची बायको दवाखान्यात होती तेव्हा आम्ही तिच्यासाठी उबदार जाकीट शिवलं, तर ते स्वतः तळघरात येऊन सगळ्या बायकांना चॉकलेटं वाटून गेले आणि आमच्यातल्या भरतकामवाल्या गाल्याच्या मशीनशी बसून रडले. लाच म्हणा, मैत्री म्हणा. आम्हाला कधी त्याला नाव द्यावं लागलं नाही. करार दर वर्षी व्हायचा.

मग मुलांच्या मागे एदुआर्द कार्लोविच जर्मनीला गेले. खाण परदेशी मालकांनी घेतली आणि त्यांच्या खुर्चीवर झाउरे मक्सूतोव्ना आली.

अल्माटीहून आलेली, पस्तिशीच्या आतबाहेरची, केस मागे घट्ट बांधलेले. कचेरीच्या भिंतीवर नवा नियम लागला होता: पुरवठादाराकडून साधं पेनसुद्धा घ्यायचं नाही. आमच्या लोकांनी तो वाचला आणि हसले. नियम भिंतीची शोभा वाढवायला असतात, असंच आम्ही आजवर बघत आलो होतो.

आगांनी ओळख म्हणून कोन्याक आणि मोठा चॉकलेटचा डबा पाठवला. संध्याकाळी कंपनीच्या ड्रायव्हरने तो जसाच्या तसा तळघरात आणून ठेवला.

"कमी पडलं असेल," गाल्या म्हणाली. "अल्माटीच्या बायका. त्यांना कोन्याकचं काय कौतुक?"

मग आम्ही मखमली चपान, लांब मानाचा अंगरखा, शिवला. गाल्याने त्याच्या काठावर जरीने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढली. तोही परत आला. आम्ही घातली होती त्यापेक्षा नीट घडी घालून आला.

आगांची बायको शारबानू त्या दिवशी तळघरात आली होती. तिने चपान अंगावर धरून बघितला. "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी साधा रुमाल आणलात का? आता बघते, हा परत आलेला माल तरी माझ्या वाट्याला येतो का."

"घे ना, घे," आगा म्हणाले. त्यांना तो टोमणा कळलाच नाही.

मग त्यांनी फुलं पाठवली. "फुलं कशी परत करेल?" म्हणाले. ड्रायव्हरने गाडीच्या मागच्या सीटवर टाकून तीही आणली. वाटेत थंडीने काळी पडली होती.

चालू कराराचा शेवटचा माल गेला आणि नवा काही आला नाही. बायका सकाळी यायच्या, कोट न काढता बसायच्या, दुपारी निघून जायच्या. आगा मात्र अंधार पडेपर्यंत तिथेच. न चालणाऱ्या मशीनला तेल घालत बसायचे. एकदा मी बघितलं, एकाच मशीनला त्यांनी पुन्हा पुन्हा तेल घातलं होतं, खाली जमिनीवर थारोळं झालं होतं.

"आगा, निविदेचा कागद तर तुम्ही दिलाय," मी म्हटलं. "नमुन्याचे हातमोजेही दिलेत. वाट बघू या ना."

"कामशात, जिने कधी आपल्या घरचा घास खाल्ला नाही, तिच्याकडे मी कागदावर काय मागू? ती मला ओळखत नाही. ओळखत नाही त्या माणसाचा कागद कोण वाचतं?"

"मग जाऊन बोला तिच्याशी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना खाणीच्या तोंडात उडी मारायला सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात ते करकरालीकडे, भावाच्या गावी गेले. तिथे त्यांची एक घोडी होती, शारबानूच्या साठीच्या जेवणासाठी राखलेली. ती कापून ते परत आले. शारबानूने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला मात्र फोन आला, "कपडे बदल. बाईमाणसाच्या घरी जायचंय, मी एकटा कसा जाऊ?"

आमच्याकडे बेगमीचं घोडं कापलं की जवळच्या आणि मानाच्या माणसांचा वाटा बाजूला काढतात. तो वाटा कुणी नाकारत नाही. नाकारणं म्हणजे दार कायमचं बंद करणं. आगांनी झाउरेचा वाटा काढला होता: कझी, मानेखालची चरबी, पुठ्ठ्याचं मांस. सगळं स्वच्छ पांढऱ्या कापडात बांधलेलं. आणि या खेपेस कचेरीत न नेता घरी न्यायचं होतं. पत्ता ड्रायव्हरकडून काढला होता.

लिफ्ट बंद होती. आगा प्रत्येक जिन्यावर थांबत होते, आणि ते थांबणं ओझ्यामुळे नव्हतं. "कामशात, काय म्हणू मी? आधी काय म्हणू?"

"आधी सलाम म्हणा. पुढचं मी बघते."

दार झाउरेने उघडलं नाही. डोक्याला पांढरं फडकं बांधलेली एक म्हातारी उभी होती, आमच्या खांद्यापर्यंत येईल एवढीशी. तिने आमचे चेहरे बघायच्या आधी गाठोड्याचा वास घेतला.

"घोडी?" तिने विचारलं.

"घोडी, आपा," आगा म्हणाले.

"चरायला कुठे होती?"

"करकरालीकडे."

म्हातारीने आगांची बाही धरली आणि ओढतच आत नेलं. तिचं नाव बातिमा. लेकीबरोबर या शहरात आली होती, लेक सकाळी जाते ती अंधारात येते, इमारतीत सगळे रशियन बोलतात, ते हिला येत नाही. "दिवसभर केटलीशी बोलते मी," ती म्हणाली. "ती निदान उत्तर तरी देते." आगांना तिने थेट दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं आणि विचारायला लागली: कुठल्या गावचा, कुणाचा, आई कुठली. आगांनी आईच्या गावाचं नाव घेतलं मात्र, म्हातारीच्या हातातली चहाची वाटी कलंडली.

"कुणाची मुलगी?"

आगांनी आजोबांचं नाव सांगितलं.

"अरे, पाण्याला आम्ही एकाच विहिरीवर जायचो! तुझी आई माझ्या चुलत्याची लेक! म्हणजे तू आमच्या गावचा भाचा रे!" तिने आगांचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा वास घेतला, जसा लहान मुलाचा घेतात. एवढा मोठा माणूस, पण त्या बुटक्या टेबलाशी बसून रडायला लागला. आई जाऊन खूप वर्षं झाली होती त्यांची.

मग काय, पातेलं चढलं. मी कणीक मळली, लाटली, चौकोनी पोळ्या कापल्या. बातिमाआपाने लेकीला फोन लावला. "लवकर ये गं! भाचा आलाय!" कुठला भाचा, ते सांगायचं तिला सुचलं नाही. आणि आगांनीही सांगितलं नाही की आपण कोण, कशासाठी आलो. मी त्यांना नजरेने दोनदा खुणावलं. ते तिसऱ्यांदा माझ्याकडे बघेनातच. इतकं सुख त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या हिवाळ्यात बघितलं नव्हतं.

झाउरे आली ती कोट न काढताच खोलीच्या दारात थांबली. तिने आगांना पाहिलं. मग परातीतलं मांस पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईचे गाल वाफेने आणि आनंदाने लाल झाले होते.

"बस," म्हातारी म्हणाली. "हा कनाफिया. तुझ्या आजोळचा भाचा. म्हणजे तुझा भाऊच."

ती बसली. मांसाला तिने हात लावला नाही. काळा चहा ओतून घेतला आणि आगांशी रशियनमध्ये बोलली, आईला कळू नये म्हणून. आवाज अगदी हळू होता.

"मी तुमच्या वस्तू परत पाठवल्या होत्या. का पाठवल्या, ते तुम्हाला कळलं नाही?"

आगा कझाकमध्येच उत्तरले. दुसऱ्या भाषेत त्यांना घाम आणखी फुटायचा. "कळलं. तुम्हाला आवडल्या नाहीत."

"आवडायचा प्रश्नच नव्हता."

"काय बोलताय तुम्ही?" म्हातारीने विचारलं. "कामाचं? हा तुझ्या कामातला आहे का?"

मी म्हटलं, "आपा, आम्ही खाणीसाठी हातमोजे शिवतो."

म्हातारीने टाळी वाजवली. "बघ! देव कसा माणसं आणून सोडतो!" मग आगांकडे वळून म्हणाली, "भाच्याने आजोळी तीनदा मागावं, आणि आजोळाने नाही म्हणू नये. आमच्याकडे घोड्या असत्या तर मी आज तुला घोडं दिलं असतं. आता या खोलीत काय आहे? पण माग. जे मागशील ते माग."

मी टेबलाखालून आगांच्या पायावर पाय दाबला. मागू नका. आता नाही, इथे नाही. त्यांनी पाय काढून घेतला. समोर ती आईसारखी म्हातारी होती आणि मागे तळघरातल्या सगळ्या बायका. सबंध आयुष्यात ज्या माणसाला मागता आलं नव्हतं, त्याला त्या दिवशी वाचा फुटली.

"माझे मोजे घ्या," ते झाउरेला म्हणाले. "फक्त एक वर्ष घ्या. माझ्याकडे बायका आहेत. त्या कुठे जातील?"

झाउरेने पेला खाली ठेवला. "खा गं," तिची आई म्हणाली. "भाऊ मागतोय आणि तू चहा पितेस?"

जिन्यापर्यंत ती आम्हाला सोडायला आली. दार मागे ओढून घेतलं.

"उद्या मला वर कळवावं लागेल," ती म्हणाली. "माझ्या आईने तुम्हाला भाचा म्हटलंय, मानाच्या जागी बसवलंय. नातेवाइकाच्या कंपनीचा माल मी घेऊ शकत नाही. तुमची निविदा बाद होईल."

"नातं तर आत्ता निघालं!" आगा म्हणाले. "जिना चढताना नव्हतं!"

"जिना चढायलाच नको होता."

"नाहीतर तुम्ही आमचे मोजे घेतले असते?" मी विचारलं.

तिने थोडा वेळ विचार केला, खरंच केला. "बघितले असते," ती म्हणाली. "चांगले आहेत की नाहीत, ते बघितलं असतं." आणि आत गेली.

त्या रात्री आगा घरी काय बोलले मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केलं, ते मात्र सगळ्या कचेरीने पाहिलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना नेहमीच्या ओळखीने आत सोडलं. ते झाउरेच्या खोलीत गेले, दार उघडंच राहिलं, आणि ते म्हणाले, "मी लिहून देतो. नातं नाही. मी खोटं बोललो. माझी आई त्या गावची नव्हती."

टंकलेखक बाई सांगत होती, झाउरेने आधी समोरची फाइल मिटली. मग म्हणाली, "ठीक आहे. पण आधी हे माझ्या आईला जाऊन सांगा. तिने आज सकाळपासून गावाकडच्या सगळ्यांना फोन करून कळवलंय."

ते गेले. खरंच गेले. मी खाली गाडीत बसले होते. माणूस किती खाली उतरू शकतो, ते मी त्यांच्या पाठीकडे बघून समजून घेत होते. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याहून मोठी भीती अशी, की ते खरोखर बोलतील. आईचं गाव नाकारून आम्हाला मिळालेलं काम मी केलं असतं का? केलं असतं. पोरांना जेवायला घालायचं होतं.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची जुनी मोठी टोपी होती.

"तिच्या नवऱ्याची," ते म्हणाले. "घोडं देता येत नाही, म्हणून ही घे म्हणाली. आणि जेवायला बसवलं. काल उरलेलंच मांस होतं." गाडी सुरू न करता त्यांनी दोन्ही हात चाकावर ठेवले. "नाही बोलता आलं, कामशात. तोंड उघडलं होतं मी."

निविदा बाद झाली. करार पावलोदारच्या दूलातबेक नावाच्या माणसाला गेला. आगांनी दुसऱ्या खाणी पालथ्या घातल्या. कुठे जुना पुरवठादार होता, कुठे खाणच बंद व्हायच्या बेतात. वसंतात बर्फ वितळून तळघरात पाणी शिरलं. आम्ही मशीन विटांवर चढवली, आणि चढवताना सगळ्यांना माहीत होतं की ती आता विकायलाच चढवतोय. गाल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "ती घोडी आम्हाला खाऊ घातली असती तरी पुण्य लागलं असतं." आगांनी मान हलवली. खिशात हात घातला. खिसा रिकामा होता, तरी त्यांनी हात बराच वेळ आतच ठेवला. गाल्या नंतर रशियात मुलीकडे गेली. बाकीच्या पांगल्या. मी घरी पडदे शिवायला लागले.

आगांनी बाजारात एक टपरी घेतली, मशीन दुरुस्तीची. शारबानू बोलायला लागली, कारण तिचं म्हणणं, गप्प बसून कुणाला शिक्षा होते ते दिसेना. ते दर महिन्याला बातिमाआपाकडे जात राहिले, झाउरे कामावर असताना. म्हातारीला आमचं काम बंद झालेलं कधीच कळलं नाही. "मोजे कसे चाललेत?" ती विचारायची. "चाललेत, आपा," ते म्हणायचे.

पानगळीत एका सकाळी आगांचा मला फोन आला. झाउरेने त्यांना फोन केला होता. ती म्हणाली होती, "आगा, आपा गेल्या. दारात उभं राहायला माणूस नाही." तिला भाऊ नव्हता, वडील कधीच गेले होते. त्यापूर्वी तिने त्यांना कधी आगा, म्हणजे थोरला भाऊ, म्हटलं नव्हतं.

इमारतीच्या अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहिला. आगा त्याच्या दारात उभे राहिले, काठीवर वाकून, घरच्या पुरुषाने उभं राहावं तसे, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडून मोठ्याने रडले. ते रडणं कुणाला दाखवायला नव्हतं. मी आत बायकांत होते, चहा ओतत. खाणीची माणसं आली, तिचे पुरवठादारही आले, हातात पाकिटं, एकाने तर गाडीतून मेंढा आणला. तो मेंढा आणणारा म्हणजे दूलातबेक. सडपातळ, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं. आगांनी त्याला बसवलं, चहाची वाटी त्याच्या हातात दिली.

"आपण त्यांचे कोण?" त्याने विचारलं.

"भाचा."

दूलातबेक थोडा जवळ सरकला. आवाज खाली आणला, पण मी पडद्यामागेच होते. "आगा, अशा दिवशी बोलू नये, मला कळतं. पण माझा करार या हिवाळ्यात संपतोय. वर्षभर मी झाउरेला काही ना काही पाठवलं, सगळं परत येतं. माझ्याकडे तीस शिलाईवाल्या आहेत. तुम्ही घरचे आहात. तुम्हीच सांगा, हिला नक्की काय दिलं तर चालतं?"

आगांचे कान लाल झालेले मला मागूनही दिसले. ते काही बोलणार म्हणून मी वाट बघत राहिले. एकदा त्यांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली.

"चहा घ्या," ते म्हणाले. "गार होतोय."

संध्याकाळी भांडी धुताना झाउरे माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. फडकं घेऊन वाट्या पुसायला लागली. "ते हल्ली काय करतात?" तिने विचारलं. मी सांगितलं. बाजारात कुठे बसतात, तेही सांगितलं. तळघराचं काय झालं, गाल्या कुठे गेली, सगळं सांगितलं. मला थांबायचं नव्हतं आणि तिने थांबवलंही नाही. ती एकच वाटी पुसत राहिली. शेवटी ती म्हणाली, "माझं चुकलं असं मला वाटत नाही." मी म्हटलं, "मलाही तसं सांगता येत नाही." मग तिने ती वाटी कपाटात ठेवली आणि दुसरी घेतली. बाहेर अंगणात माणसं तंबूचा नमदा उतरवत होती, आणि आगा त्यांच्यात मिसळून दोर गुंडाळत होते.